आधी घरचा प्लग, मग बॅटरी, मग फास्ट चार्जर: साताऱ्या-सांगलीकडच्या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी

रविवारी संध्याकाळी पुणे-बंगळूर महामार्गावरच्या कुठल्याही चार्जरवर थांबलात तर हमखास एक दृश्य दिसतं. गनला, म्हणजे चार्जरच्या केबलच्या टोकाला, लावलेली गाडी ८८ टक्क्यांवर आहे, मालक हॉटेलात चहा पितोय आणि मागे दोन गाड्या उभ्या. त्यातली एक ६५ टक्क्यांवर आहे, तरी "भरून घेऊ, पुढे मिळेल न मिळेल" म्हणून थांबलेली. दुसरी खरोखरच ९ टक्क्यांवर आहे आणि आत लहान मुलं कंटाळली आहेत. या तिघांपैकी दोघांना त्या वेळी चार्जरची गरजच नाही.

गेली काही वर्षं मी साताऱ्यात इलेक्ट्रिक गाडी चालवतो. ओळखीतले लोक गाडी घेण्याआधी विचारायला येतात आणि घेतल्यावर तक्रारी घेऊन येतात. तक्रारींचं मूळ बहुतेकदा गाडीत नसतं, क्रमात असतं. आधी गाडी बुक होते, मग वायरमनला फोन जातो आणि आपला रोजचा रस्ता किती किलोमीटरचा आहे ते सगळ्यात शेवटी मोजलं जातं. हा क्रम उलटा करायला हवा. खाली तो टप्प्याटप्प्याने देतो. गाडी आधीच घेतली असेल तर टप्पा ३ सोडून बाकीचं वाचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच. बॅटरीचा किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या वीजबिलातलं युनिटच. ४५ किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे ४५ युनिटांची टाकी. मी सगळीकडे युनिटच म्हणणार आहे, कारण त्या भाषेत हिशेब घरातल्या प्रत्येकाला कळतो.

टप्पा १: आपला सगळ्यात जड दिवस कागदावर काढा

शोरूममध्ये जाण्याआधी वही घ्या. गेल्या तीन महिन्यांत गाडी कुठे कुठे गेली ते लिहा. रोजचं वेगळं, महिन्यातून दोन-चारदा होणारं वेगळं आणि वर्षातून एकदा होणारं वेगळं.

साताऱ्यातल्या नोकरदाराचं रोजचं सहसा २० ते ४० किलोमीटरमध्ये संपतं. सांगली-मिरज ये-जा करणाऱ्याचंही तेवढंच. ते कुठलीही गाडी करेल, त्यावरून बॅटरी ठरवायची नसते. वर्षातून एकदा गोव्याला जाता म्हणून मोठी बॅटरी घेणंही चूक, कारण त्या दिवशी वाटेत दोनदा थांबलात तरी काही बिघडत नाही. बॅटरी ठरते ती महिन्यातून दोन-चारदा होणाऱ्या फेरीवरून. साताऱ्याहून पुण्याला जाऊन त्याच दिवशी परत, सांगलीहून कोल्हापूरला दवाखान्याची खेप, कराडहून कोयनानगर, विट्याहून सांगली आणि परत, अशा फेऱ्या. त्यांना मी जड दिवस म्हणतो.

त्या दिवसाचं अंतर लिहिताना गावातलं फिरणं धरायला विसरू नका. सातारा ते पुणे जाऊन-येऊन २२० किलोमीटर धरले, तरी पुण्यातली कामं, पार्किंग शोधणं, नातेवाइकांकडे वळसा, असे आणखी २० सहज होतात. म्हणजे २४०.

तपासा: जड दिवशी गाडीत किती माणसं असतात, डिक्कीत काय असतं आणि मुक्कामाच्या ठिकाणी साधा १५ अँपियरचा प्लग मिळतो का, हेही त्याच ओळीत लिहा. पुण्यात भावाकडे चार तास गाडी साध्या प्लगवर उभी राहणार असेल तर सुमारे ११ युनिटं, म्हणजे ७५-८० किलोमीटर तिथेच मिळतात. त्यामुळे बॅटरीचा निर्णय बदलू शकतो.

टप्पा २: गाडीच्या आधी घरचा प्लग

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

बहुतेक घरांना मोठ्या चार्जरची गरज नसते. साध्या १५-१६ अँपियरच्या प्लगवर गाडीसोबत येणारी केबल सुमारे ३.३ किलोवॅट खेचते. वाटेतली गळती वजा जाता तासाला साधारण २.९ युनिटं बॅटरीत पडतात. रात्री नऊला लावून सकाळी सातला काढली तर २९ युनिटं, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास. रोज चाळीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाला दोन-अडीच तास पुरतात. ७ किलोवॅटच्या चार्जरचा हट्ट तेव्हाच धरा, जेव्हा गाडी रोज दीडशे किलोमीटरच्या वर चालते किंवा घरी दोन गाड्या आहेत.

आता क्रम असा ठेवा.

१. वीजबिल काढा आणि मंजूर भार बघा. जुन्या घरांत तो एक-दोन किलोवॅट असतो. त्यात गीझर, पाण्याची मोटर आणि वर गाडी, हे बसत नाही. महावितरणकडे भार वाढवून घेण्याचा अर्ज गाडी येण्याआधी करा, कारण गाडी दारात उभी राहिल्यावर घाई होते आणि घाईत चुकीचं काम होतं. ७ किलोवॅट लावायचं असेल तर थ्री फेजची चौकशी त्याच वेळी करा.

२. मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र वायर ओढा. ३.३ किलोवॅटसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ७ किलोवॅटसाठी ६ चौरस मिलिमीटर. अंतर लांब असेल तर एक माप वरची. गॅरेजमधल्या जुन्या बोर्डातून फाटा काढून देणाऱ्या वायरमनला नाही म्हणा. मिक्सर दोन मिनिटं चालतो, गाडी सात तास सलग १४-१५ अँपियर खेचते. मिक्सरला चाललेला प्लग गाडीला पिवळा पडतो, मग काळा.

३. या लाइनवर स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की लाइन तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवा. चार्जर बनवणाऱ्या कंपनीने आरसीसीबीचा प्रकार सांगितला असेल तर तोच घ्या.

४. अर्थिंग. आपल्या भागातला खरा अडथळा हाच आहे. साताऱ्यात बऱ्याच ठिकाणी दोन फुटांवर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. खड्डा पुरेसा खोल जात नाही, ओल टिकत नाही. गाडीचा चार्जर अर्थिंग तपासूनच सुरू होतो. ते कमकुवत असेल तर लाल दिवा लागतो आणि मालकाला वाटतं गाडीच खराब निघाली. पावसाळ्यात बसवलेलं अर्थिंग त्या वेळी उत्तम दाखवतं आणि मार्च-एप्रिलमध्ये जमीन कोरडी पडली की चार्जिंग रात्री मध्येच तुटायला लागतं. म्हणून गाडीसाठी वेगळा अर्थिंग खड्डा घ्या, त्यावर झाकण ठेवा आणि उन्हाळ्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी सोडा. सांगलीच्या काळ्या जमिनीत ओल बरी टिकते, पण तीही उन्हाळ्यात भेगाळते.

५. व्होल्टेज संध्याकाळी सात ते दहा या वेळात मोजून घ्या. गावाकडे त्या वेळी दाब इतका उतरतो की चार्जर स्वतःला बंद करून घेतो. अशा ठिकाणी गाडीत टायमर लावून रात्री अकरानंतर चार्जिंग सुरू करणं हा साधा उपाय आहे. छतावर सोलर असेल आणि गाडी दुपारी घरी असेल तर दुपारीच लावा.

इशारा: एक्स्टेंशन बोर्ड, गुंडाळलेली वायर, दोन पिनांचा जोड, यातलं काहीही कधीही नाही. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला उलट्या हाताने स्पर्श करून बघा. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर लगेच बंद करा.

ज्यांना घरी प्लग मिळूच शकत नाही, पेठेत गाडी रस्त्यावर उभी असते किंवा सोसायटी परवानगी देत नाही, त्यांना माझा स्पष्ट सल्ला आहे: तो प्रश्न सुटेपर्यंत गाडी घेऊ नका. नुसत्या फास्ट चार्जरवर गाडी चालवता येते, पण दर जवळपास दुप्पट पडतो. समजा चार्जरचा दर युनिटला २० रुपये आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी लागून तो २३ रुपये ६० पैसे होतो. शिवाय दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तासभर जातो. घरी वापर वाढून बिल वरच्या टप्प्यात गेलं तरी ते यापेक्षा स्वस्तच पडतं. पण हिशेब बिलावरच्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने करा, सरासरीने नको.

टप्पा ३: बॅटरी निवडा, जाहिरातीचा आकडा बाजूला ठेवून

जाहिरातीतली रेंज ठरावीक चाचणीतली असते. त्यात खंबाटकी नसते, मे महिन्यातला एसी नसतो आणि मागच्या सीटवर तीन माणसं नसतात. प्रत्यक्षात त्या आकड्याच्या ६५ ते ७५ टक्के धरून चला. त्याहून बरा मार्ग म्हणजे युनिटांचा हिशेब.

लहान गाडी गावात १०० किलोमीटरला १० ते १२ युनिटं खाते. मध्यम उंच गाडी महामार्गावर ८०-८५ च्या वेगाने १४ च्या आसपास. तीच गाडी १००-११० ने पळवली की १७-१८. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ८० वरून १०० वर गेलं की तेवढा भाग दीडपटीहून जास्त होतो.

आता जड दिवस घ्या: २४० किलोमीटर. पूर्ण भरून निघायचं आणि १० टक्के शिल्लक ठेवायचे, म्हणजे बॅटरीचा ९० टक्के भाग वापरायचा.

३० युनिटांची बॅटरी: २७ युनिटं वापरायला, १४ च्या खपाने सुमारे १९० किलोमीटर. पुण्याहून परत येताना एक थांबा लागणारच.

४५ युनिटांची बॅटरी: साडेचाळीस युनिटं, सुमारे २९० किलोमीटर. न थांबता घरी. पण तीच गाडी १००-११० ने पळवली की २३० वर येते, म्हणजे शिरवळला थांबा किंवा वेग कमी करा.

एकाच नावाच्या गाडीत दोन बॅटऱ्या मिळतात, जसं टियागो इव्हीत १९.२ आणि २४, नेक्सॉन इव्हीत ३० आणि ४५, क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये ४२ आणि ५१.४. तेव्हा प्रश्न "किती रेंज" असा विचारू नका. "माझ्या जड दिवशी हिला किती थांबे लागतील" असा विचारा. महिन्यातून दोनदा अर्ध्या तासाचा एक थांबा चालत असेल तर लहान बॅटरी घेऊन लाखभर किंवा त्याहून जास्त पैसे वाचवा. वयस्कर आई-वडील, लहान बाळ किंवा दवाखान्याची धावपळ असेल तर मोठी घ्या. याबाबतीत मी सावध माणूस आहे. दवाखान्याच्या खेपेत चार्जरवर उभं राहण्याची वेळ कुणावर येऊ नये.

आणखी दोन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्या. पहिली, गाडी फास्ट चार्जरवर जास्तीत जास्त किती किलोवॅट घेते आणि १० ते ८० टक्क्यांना किती मिनिटं लागतात. गाडी ५० च घेणार असेल तर १२० च्या चार्जरवर उभं राहून काही जास्त मिळत नाही. एमजी कॉमेटसारख्या छोट्या गाडीला डीसी फास्ट चार्जिंगच नाही. ती गावात उत्तम, पण सातारा-मुंबईला नको. दुसरी, बॅटरी एलएफपी आहे की एनएमसी; हे लिथियम बॅटरीचे दोन रासायनिक प्रकार आहेत. त्यावर पुढच्या रोजच्या सवयी अवलंबून आहेत.

तपासा: टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या रस्त्यावर घेऊ नका. ट्रिप मीटर शून्यावर आणून गाडी तुमच्या नेहमीच्या घाटात नेऊन आणा. मीटरवर १०० किलोमीटरला किती युनिटं येतात ते वहीत लिहा.

टप्पा ४: घाटाचा हिशेब

सपाटीवर शिकलेला माणूस आपल्या भागात इथेच फसतो.

चार माणसांसकट गाडीचं वजन १८०० किलो धरा. ती ६०० मीटर वर चढवायला लागणारी ऊर्जा जवळपास ३ युनिटं. मोटरमधली गळती धरून सव्वातीन. सातारा सातशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या. म्हणजे मेढ्यावरून केळघर घाटाने महाबळेश्वर गाठताना ५५ किलोमीटरच्या साध्या खपात, म्हणजे सात-साडेसात युनिटांत, आणखी तीन-सव्वातीन मिळवायची. एकूण साडेदहा. ३० युनिटांच्या गाडीचे ३५ टक्के. मीटर घाटात "उरलेली रेंज" भराभर उतरवतो आणि लोक घाबरून मेढ्याला परत फिरतात. घाबरू नका, गाडी अलीकडच्या खपावरून अंदाज बांधते, घाट संपला की आकडा सावरतो. उतरताना त्या तीन युनिटांपैकी निम्म्याहून जास्त परत मिळतात.

सोपा नियम: दर २०० मीटर चढाला एक युनिट जास्त. कासला जाताना पाचशे मीटरच्या आसपास चढ आहे, अडीच युनिटं धरा.

उलटा सापळा कोकणाचा. कराड-पाटणहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला पोचलात की मीटर फार छान आकडे दाखवतो. त्यावर विश्वास ठेवून तिथे न भरता परत निघालात तर घाटाच्या मध्यावर घाम फुटतो. परतीचा हिशेब परतीच्या चढाने करा. पुण्याहून येतानाही तेच. पुणे साताऱ्यापेक्षा दीडशे मीटर खाली आहे, त्यात कात्रजचा आणि खंबाटकीचा चढ. जाताना लागले त्यापेक्षा येताना तीन-चार टक्के जास्त लागणार, हे आधीच धरा.

इशारा, आणि तो महत्त्वाचा: महाबळेश्वर-पाचगणीला मुक्काम केलात आणि हॉटेलात रात्रभर गाडी लावून १०० टक्के केलीत, तर सकाळी पसरणी घाट उतरताना रिजनरेशन, म्हणजे मोटरने गाडी मंदावून बॅटरीत परत वीज भरणं, जवळजवळ मिळत नाही. भरलेल्या बॅटरीत आणखी भरता येत नाही. रोज ॲक्सिलरेटरचं पेडल सोडल्यावर गाडी आपोआप मंदावते, त्या सवयीने तुम्ही वळणावर जाता आणि गाडी मंदावत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. वरून निघताना ८० टक्क्यांच्या वर भरू नका. वाईत उतरेपर्यंत एक-दोन टक्के वाढलेलेच दिसतील.

टप्पा ५: निघण्याआधी आणि वाटेत

१. आदल्या रात्री घरी १०० टक्के करा, पण सकाळी निघायच्या वेळी पूर्ण होईल अशा बेताने टायमर लावा.

२. टायरमधली हवा थंड असताना बघा. डाव्या दाराजवळच्या किंवा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर जो आकडा लिहिलाय तोच.

३. पहिला थांबा आणि त्याच्या पुढचा थांबा, असे दोन्ही ठरवा. पहिल्या चार्जरवर पोचाल तेव्हा दुसऱ्यापर्यंत जाण्याइतकं शिल्लक हवं. हा नियम मी एकदाच मोडला. कराडच्या पुढे ७ टक्क्यांवर एका चार्जरवर पोचलो, ॲपमध्ये तो हिरवा होता आणि प्रत्यक्षात त्याच्या पडद्यावर अंधार होता. शेजारच्या गॅरेजवाल्याने साध्या प्लगवर तीन तास गाडी लावू दिली म्हणून घरी आलो. त्या दिवसापासून १५ टक्क्यांच्या खाली चार्जर शोधत नाही.

४. ॲपमध्ये नुसता हिरवा ठिपका बघू नका. तिथे शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं, लोकांनी काय लिहिलंय, गन किती आणि किती किलोवॅटच्या, ते बघा. टाटा पॉवर ईझेड चार्ज, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी पल्स यांच्यासारखी दोन-तीन ॲप आधीच घेऊन ठेवा, नोंदणी आणि ओटीपी घरी उरका, प्रत्येकात थोडे पैसे ठेवा. घाटाच्या पायथ्याशी नेटवर्क नसलेल्या फोनवर नोंदणी करत बसण्याची वेळ येऊ देऊ नका.

५. चार्जर जवळ आला की शेवटचे दहा किलोमीटर ८० च्या आत चालवा. मे महिन्यात सांगलीकडे दुपारी ३९-४० अंशांत पळवून आणलेली तापलेली बॅटरी कमीच वीज घेते, कारण गाडी स्वतःला जपते.

टप्पा ६: चार्जरवर, क्रमाने

फास्ट चार्जरचं गणित आधी समजून घ्या. बॅटरी रिकामी असते तेव्हा भरभर घेते आणि भरत आली की हळूहळू. ४५ युनिटांच्या गाडीला १० ते ८० टक्के म्हणजे साडेएकतीस युनिटं, सरासरी ४५ किलोवॅटने ४२ मिनिटांत. उरलेल्या २० टक्क्यांत फक्त ९ युनिटं आहेत, पण त्यांना पुन्हा अर्धा-पाऊण तास लागू शकतो. तेवढ्या वेळात मागचा माणूस आपलं काम संपवून निघून गेला असता. ६५ टक्क्यांवर गाडी लावणं हीही तीच चूक. १५-२० वर पोचा, ८० वर निघा.

१. दोन गन असलेल्या चार्जरवर दुसरी गाडी आधीच लावलेली असेल तर वीज वाटली जाते. शेजारी मोकळा चार्जर असेल तर तिकडे जा.

२. गाडी पार्किंगमध्ये टाका, हँडब्रेक लावा, शक्य असेल तर सावलीत. गनच्या पिना बघा. आत पाणी, माती, जळाल्यासारखा डाग असेल तर ती गन वापरू नका.

३. गन सरळ आत ढकला, टक आवाज येईपर्यंत. केबल जड असते. तिचं वजन पोर्टवर लटकू देऊ नका, गन जरा उचलून धरा. "चार्जिंग सुरूच होत नाही" या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं.

४. ॲपमधून सुरू करा आणि मग एक मिनिट थांबा. गाडी आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात, वीज कुठे गळत नाही ना ते तपासतात. आतून खटखट आवाज येतात. लोक तेवढ्यात गन उपसतात, आणि सगळं पहिल्यापासून.

५. पहिली पाच मिनिटं गाडीजवळ थांबा. पडद्यावर किलोवॅट किती ते बघा. ६० लिहिलेल्या चार्जरवर ४० मिळत असतील तर तक्रारीचं कारण नाही. बॅटरीचं व्होल्टेज कमी असेल तर तेवढंच मिळतं. पण १०-१५ वरच अडकलं असेल तर थांबवून दुसरी गन लावून बघा.

६. ८० टक्क्यांची मर्यादा लावा आणि फोनवर गजर. जेवायला बसलात तरी गजर वाजला की आधी गाडी हलवा, मग ताक प्या.

७. थांबवताना ॲपमधून किंवा पडद्यावरून थांबवा, गाडी अनलॉक करा, मग गन सरळ ओढा.

इशारा: लाल आणीबाणी बटण थांबवण्यासाठी नाही. ते दाबलं की चार्जर बंद पडतो आणि कुणीतरी येऊन पूर्ववत करेपर्यंत मागच्या सगळ्यांसाठी बंदच राहतो. धूर, ठिणगी, शॉक, एवढ्यासाठीच ते आहे. आपल्या महामार्गावरचे किती तरी "बिघडलेले" चार्जर याच बटणामुळे बंद असतात.

गन अडकली तर ओढाताण करू नका. किल्लीने दोनदा लॉक-अनलॉक करा. तरी सुटत नसेल तर बहुतेक गाड्यांत हाताने सोडवायची दोरी असते. ती कुठे आहे ते गाडीच्या पुस्तिकेत आजच बघून ठेवा.

टप्पा ७: रोजच्या सवयी

एनएमसी बॅटरी असेल तर रोज ८० टक्क्यांपर्यंत, प्रवासाच्या दिवशीच १००. एलएफपी असेल तर आठवड्यातून एकदा घरच्या मंद चार्जरवर पूर्ण १०० करा. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सारखंच राहतं, त्यामुळे गाडीला टक्के नीट ओळखू येत नाहीत. महिनोन्महिने ३० ते ७० मध्ये फिरवली की एक दिवस १५ वरून थेट ५ वर येते आणि माणूस हादरतो. पूर्ण भरलं की मोजणी पुन्हा जागेवर येते. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं असेल तर पुस्तिका खरी.

उन्हात १०० टक्के भरून दिवसभर उभी करणं हे बॅटरीला सगळ्यात जास्त झिजवतं. फास्ट चार्जिंगने बॅटरी खराब होते ही भीती मात्र अर्धवट आहे. महिन्यातून चार-पाचदा केलंत तर निश्चिंत राहा. रोज तेच करू नका. पंधरा दिवस गावाला जाणार असाल तर ५० टक्क्यांवर, सावलीत, प्लग काढून ठेवा.

पावसाळा आणि पूर

पावसात चार्जिंग करता येतं, गन आणि पोर्ट त्यासाठीच बनवलेले असतात. पण गन जमिनीवर टाकू नका, पोर्टचं झाकण उघडं ठेवून गाडी भिजवू नका आणि लावण्याआधी कोरड्या फडक्याने पुसा. वीज कडाडत असेल तर घरचं चार्जिंग बंद ठेवा.

सांगलीकरांसाठी वेगळं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. नदीकाठच्या भागात राहत असाल तर चार्जरचा प्लग आणि एमसीबीचा डबा मागच्या पुराच्या खुणेच्या वर बसवा, मग चार पायऱ्या चढून गन लावावी लागली तरी चालेल. पाणी वाढायला लागलं की आधी मेन स्विच बंद करा, गन काढा आणि गाडी उंचावर नेऊन ठेवा. त्या दिवसांत बॅटरी कधीही ५० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, कारण वीज आधी जाते आणि पाणी मागून येतं.

गाडी चाकाच्या वर पाण्यात उभी राहिली असेल तर पाणी ओसरल्यावर ती सुरू करू नका आणि चार्जिंगला तर अजिबात लावू नका. वरून कोरडी दिसते, पण बॅटरीच्या जोडांत गाळ असू शकतो. घरापासून आणि गोठ्यापासून लांब, मोकळ्यावर ढकलत न्या. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हिस सेंटरचा गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक बोलवा. घरचा चार्जर बुडाला असेल तर वायरमनने अर्थिंग आणि आरसीसीबी तपासल्याशिवाय त्या लाइनला वीज सोडू नका.